विझू दिलेली वात

काचेच्या ग्लासांत ओतलेल्या, सोयाबीनच्या मेणाच्या पाच मेणबत्त्या सकाळपासून ओट्यावर जळताहेत. कुठली वात नीट जळते ते पाहायला प्रत्येकीत वेगळ्या जाडीची वात घातलीय. त्यातली सर्वांत बारीक वात आपल्याच वितळलेल्या मेणात बुडायला लागली.

"अगं, थोडं मेण काढ ना! पेटती ज्योत अशी विझू देऊ नये," सासूबाई कळवळल्या.

लहानपणापासून हेच ऐकलंय. वात पुढे सारत, तेल घालत, वाऱ्याला पदराचा आडोसा करत आम्ही बायकांनी किती ज्योती जगवल्या! म्हणूनच कुठली वात मुळात चुकीची होती, ते कधी कळलंच नाही.

"विझू द्या, आई. आधाराशिवाय जळेल तीच मी विकणार."

ती विझली. दुसरी फडफडू लागली. सासूबाईंचा हात पुढे आला. मी तो घट्ट धरून ठेवला.