मॅडमचा डूख

आमच्या मॅडमना माणसांची नावं लक्षात राहत नसत, गुन्हे राहत. माझं लग्न होऊन जेमतेम महिना झाला होता. निपाणीच्या स्टँडवर नवरा, सासू आणि दोन नणंदांबरोबर मी गाडीची वाट बघत होते. तेवढ्यात समोरून मॅडम आल्या. चष्मा वरखाली करून त्यांनी मला न्याहाळलं आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तू गं! ती उसात गेलेली!" सासूबाईंच्या हातातली पिशवी खाली पडली. आता काय सांगायचं त्यांना, की कॉलेजात असताना सदलग्याच्या शिवारात मोजणी करताना मी बांधावरून जायचं सोडून कुणाच्या तरी उभ्या उसातून आडवी गेले होते! मी सांगितलं. मॅडमनीही सांगितलं. सासूबाईंना ते अजून पटलेलं नाही.

मॅडम बेळगावात आम्हा नगररचनेच्या पोरांना संशोधन पद्धती शिकवायच्या. म्हणजे एखाद्या गावात रस्ता, बाजार, कारखाना काहीही आणायच्या आधी तिथली माणसं, तिथली जागा आणि तिथलं पाणी कसं समजून घ्यायचं, ते. बाकीच्यांनी हा विषय नुसता उतरवून दिला असता. मॅडम पहिल्याच तासाला म्हणाल्या, "संशोधन म्हंजे काय? कागदावर खोटं लिहिणाऱ्याला चारचौघांत उघडं पाडायची तयारी. बाकीचं पुस्तकात हाय, वाचून घ्या." वर्गात त्या शुद्ध बोलायला सुरुवात करायच्या आणि राग आला की गावाकडच्या बोलीवर यायच्या. राग बहुतेक आलेलाच असायचा.

मागून त्यांना सगळे 'डूख' म्हणायचे. सापाच्या शेपटीवर पाय पडला की तो डूख धरतो आणि माणसाला शोधत येतो, असं आमच्याकडे म्हणतात. हे नाव त्यांच्या कानावर गेलं तेव्हा आम्हाला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. मॅडम फक्त एवढंच म्हणाल्या, "सापाचं खोटं हाय. माझं खरं हाय."

एकानं गुंजीच्या पाण्याच्या पाहणीचा अहवाल आणून दिला. दिवस पावसाळ्याचे. अहवाल असा की बघत राहावं, रंगीत नकाशे, आलेख, सगळं. मॅडमनी तो उघडलासुद्धा नाही. टेबलाखाली वाकून त्याचे बूट बघितले.

"गुंजीला गेलतास व्हय रं?"

"हो मॅडम, कालच."

"आणि तांबड्या चिखलाचा एक डाग न लागता आलास? पायाला पंख हायत काय तुझ्या?"

दुसऱ्या दिवशी तो गडी गुंजीहून थेट वर्गात आला, गुडघ्यापर्यंत तांबडा. मॅडमनी त्याला तसाच बसवून तास घेतला. तेव्हापासून तो 'पंखवाला'. आज मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि जागा बघितल्याशिवाय सही करत नाही म्हणून त्याच्या हाताखालचे लोक त्याला शिव्या देतात.

निपाणीला आम्ही तंबाखूच्या वखारींच्या गल्लीत काम केलं. तंबाखू निवडणाऱ्या बायका दुपारी कुठं बसून जेवतात, सावली कुठं पडते, तंबाखूचा खाट, म्हणजे ठसका लावणारा वास, कुठं कमी येतो, ते सगळं नकाशावर आणायचं होतं. आमच्यातल्या दोघींनी हुशारी करून प्रश्नांत एक वाढवला, 'घरी कोणती भाषा बोलता?' झालं! गल्लीत माणसं गोळा झाली. "कुणी पाठवलं तुम्हाला? तिकडच्यांनी का इकडच्यांनी?" एका आजोबांनी तर आधी दिलेली सगळी उत्तरं परत मागितली. मॅडम धावत आल्या, निम्मं मराठीत, निम्मं कन्नडात बोलून सगळ्यांना शांत केलं आणि त्या दोघींना रस्त्यातच झापलं. "आमच्या भागात भाषा विचारत न्हाईत गं, बाई! दारात गप उभी राहा, आपोआप ऐकू येतीया." त्या दोघींची नावंही मग गेली. 'तिकडची' आणि 'इकडची' झाल्या.

आता त्या माणसाकडे येते. आमच्या विभागाचे प्रमुख. बाहेरून आलेले, उन्हाळ्यातही कोट घालायचे, म्हणून आम्ही त्यांना 'कोट' म्हणायचो. आजही त्यांचं नाव काढलं की माझ्या तोंडाला कडू येतं, तेव्हा कोटच बरं.

दोन उन्हाळे मॅडम आम्हाला घेऊन दूधगंगेच्या काठानं हिंडल्या होत्या. उसाला पाणी देऊन देऊन कुठल्या जमिनी मिठानं पांढऱ्या पडल्या, कुठल्या विहिरी मचूळ झाल्या, त्यामुळे कुठली घरं गाव सोडून गेली, ते शोधत. मॅडम विहिरीत दोर सोडायच्या, पाणी चाखायच्या, मग ओट्यावर बसून बायकांशी बोलायच्या. उन्हानं त्यांच्या कपाळाची सालं निघाली होती. तो सगळा अभ्यास बेळगावच्या एका परिषदेत कोटनं स्वतःच्या नावानं वाचला. वाचून झाल्यावर कुणीतरी विचारलं, "यात बाईंचाही सहभाग होता ना?" कोट हसून म्हणाले, "हो तर! बाईंनी फॉर्म भरून आणले. फार कष्टाळू आहेत." सभागृहानं टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या रांगेत बसलेल्या मॅडमनीही वाजवल्या. आम्ही पोरं मागे रडकुंडीला आलो होतो, पण त्यांच्या त्या टाळ्या बघून मला रडू यायचं थांबलं आणि भीती वाटली.

आम्ही पोरांनी तक्रार करून बघितली, तिचं काही झालं नाही. कोट त्या अभ्यासाच्या जोरावर मोठे झाले, मग नोकरी सोडून त्यांनी सल्लागाराचं दुकान थाटलं. प्रकल्पवाल्यांना लागेल तसे अहवाल लिहून द्यायचे. मी मॅडमना चिडून म्हटलं, "तुम्ही काहीच का करत नाही?" मॅडम म्हणाल्या, "आमच्या जैनांच्या घरात मुरलेलं लोणचं खात न्हाईत. पण वैर मुरवायला कोण नको म्हणतंय?" आणि पेपर तपासायला लागल्या.

त्या निवृत्त झाल्या, मी स्वतःचं छोटं ऑफिस काढलं. आणि एक दिवस त्यांचा फोन आला. "उसातली, मोकळी हाईस का? माझ्या माहेराला चल."

त्यांचं माहेर सदलग्याच्या अंगाला. गावात बहुतेक घरं जैन शेतकऱ्यांची. गावच्या गायरानात शहरांचा कचरा आणून टाकायचा घाट घातला होता, आणि गायरानाच्या उताराला गावची एकुलती एक गोड्या पाण्याची विहीर. अहवालात लिहिलं होतं की घरोघरी जाऊन चर्चा केली आणि गावाची हरकत नाही. अहवाल लिहिणारे अर्थातच कोट. ते नाव वाचून मॅडमचा चेहरा असा उजळला की जणू बऱ्याच दिवसांनी माहेरचा माणूस भेटावा.

आम्ही दारोदार फिरलो. कुणाकडे कुणी आलं नव्हतं. कधीतरी एक जीप आली, चौकात चहा प्यायली आणि गेली, एवढंच. गावकरी म्हणाले, "आक्का, सुनावणीत हेच सांगूया की!" मॅडम म्हणाल्या, "तुम्ही न्हाय म्हणशिला, तो व्हय म्हणंल. सायेब कुणाचं धरतील? कोटवाल्याचंच. त्याला बोलू द्या. माझ्याआधी कुणी तोंड उघडायचं न्हाय." मला काही ते पटलं नव्हतं. विहीर गेली तर गावाला टँकरच्या तोंडाकडे बघत बसावं लागणार होतं, आणि ह्या बाईला एका माणसाला बोलतं करायची पडली होती!

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये झाली. अधिकारी चिकोडीकडचे, कमी बोलणारे. कोट आले, कोटासकट. मॅडमना बघून जरा चपापले, मग "अरे वा, बाई!" म्हणून हसले. मॅडम उठल्या. मी त्यांना इतकं गोड बोलताना कधीच ऐकलं नव्हतं.

"सर, आमच्या गावची माणसं लई बुजरी. घरातली बाई तर परक्यासमोर येत न्हाय. तुम्ही त्यांना कसं बोलतं केलंत? मला शिकायचं हाय."

कोट हरभऱ्याच्या झाडावर चढले. "सोपं आहे बाई. दिवसा माणसं शेतात. म्हणून आम्ही रात्री जायचो, आठ-नऊच्या सुमारास, जेवणाच्या वेळी. मी स्वतः घराघरांत पंगतीला बसलोय. ह्याच माउलींनी मला गरम भाकरी आणि लसणाची चटणी वाढली. जेवता जेवता माणूस मोकळा होतो."

मग पहिल्या रांगेतली मॅडमची थोरली काकू पदर सावरत उठली. "रातीला? माझ्या घरात? दिवस बुडल्यावर आमच्यात कोण पाण्याला शिवत न्हाय रं लेका! आणि लसूण? लसूण माझ्या उंबऱ्याच्या आत कवा आलेला न्हाय!"

असा हशा पिकला की कौलं हलली. अधिकारी त्याच भागातले, त्यांना कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. त्यांनी अहवाल मिटला आणि कोटकडे बघत बसले. मला तर नाचावंसं वाटत होतं. इतकी वर्षं शेजारच्या खोलीत बसून ह्या माणसानं कधी विचारलं नव्हतं की बाई संध्याकाळच्या पार्ट्यांना का जेवत नाहीत!

मॅडम बसल्या नव्हत्या. आवाज तसाच गोड. "सर, फॉर्म तरी भरून आणायचे होते हो."

अहवाल रद्द झाला, आणि मॅडमनी अधिकाऱ्यांना एकच विनंती केली, की नवी पाहणी सरांनीच करावी, स्वतःच्या पायांनी, गावच्या माणसांसमोर. ऐन मे महिना. कोट शेवटी कोट काढून गल्लोगल्ली हिंडले. मॅडम बस्तीच्या कट्ट्यावर, म्हणजे तिथल्या जैन मंदिराच्या कट्ट्यावर, बसून बघायच्या आणि अधूनमधून हाक मारायच्या, "सर, ते कोपऱ्यावरचं घर ऱ्हायलं!" मी मुद्दाम ऑफिस बंद ठेवून जाऊन हे बघितलं. डोळ्यांचं पारणं फिटलं म्हणतात ते मला तेव्हा कळलं. गावाची हरकत घरागणिक नोंदवली गेली, कोटच्याच अक्षरात. कचरा आला नाही. विहीर आहे.

भाद्रपदात जैनांचं दशलक्षण पर्व संपलं आणि क्षमावाणीचा दिवस आला. त्या दिवशी जैन माणसं एकमेकांसमोर हात जोडतात, वर्षभरात दुखावलं असेल तर माफी मागतात, आणि समोरच्यानं ती नाकारायची नसते. मीही मॅडमना भेटायला गावी गेले होते. बस्तीच्या दारात गर्दी होती, आणि त्या गर्दीतून कोट पुढे आले. कुणी शिकवून पाठवलं होतं कुणास ठाऊक. मेल्याला दिवस बरोबर सापडला! सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाले, "बाई, मला क्षमा करा."

मी मनात म्हणत होते, नका करू मॅडम, नका करू. मॅडमनी हात जोडले. "केली," म्हणाल्या. "माझंही काही चुकलं असलं तर क्षमा करा."

परत येताना माझा तोल गेला. "खरंच माफ केलंत? त्या माणसाला? तुमची उमेदीची सगळी वर्षं खाल्ली त्यानं!" मॅडम दमलेल्या दिसत होत्या. एका बांधावर टेकल्या. "मी केलं गं. तोंडानं न्हाय, खरंच केलं. एवढी वर्षं धरलेलं, सोडल्यावर हात हलके झालेत, कायतरी हरवल्यागत वाटतंय." मग माझा हात धरून उठल्या. "माझा धर्म मी केला. तुझं तू बघ."

पौषात त्या गेल्या. झोपेतच. मी किती रडले ते इथं लिहीत नाही. माझं नाव एकदाही न घेता मला सगळं शिकवून गेली ती बाई, आणि आता मला 'उसातली' म्हणून हाक मारणारं कुणी नाही.

शोकसभा बेळगावात झाली. कोट बोलायला उभे राहिले. रुमाल हातात घेऊन सांगितलं, की दूधगंगेच्या काठचा तो अभ्यास 'मी आणि बाईंनी मिळून' केला, आणि पुढे गावोगाव फिरायची गोडी बाईंना आपण लावली. लोकांनी माना हलवल्या. सभा संपल्यावर ते माझ्याकडे आले, डोळे पुसत, हात जोडून. "तुमच्या मॅडमनी मोठ्या मनानं मला माफ केलं होतं. आता तुम्हीही मनात काही ठेवू नका."

मीही हात जोडले. आणि जमेल तितक्या गोड आवाजात विचारलं, "सर, सध्या कुठल्या गावचा अहवाल लिहिताय?"