दहा पाहुण्यांची परवानगी

मंगळवारी सकाळी उठले तेव्हा घशात काहीतरी टोचत होतं. फार नाही, माशाचा बारीक काटा अडकावा तेवढंच. मी गरम पाणी प्यायले, मीठ-हळदीच्या गुळण्या केल्या आणि लॅपटॉप उघडून कामाला बसले. हे इतकं नेमकं सांगतेय, कारण तो मंगळवारच होता. पुढे पुष्कळ दिवस मी मनातल्या मनात त्याचा सोमवार करून पाहिला, पुढच्या आठवड्यातला सोमवार. पण तो मंगळवारच होता.

मेलबर्नचा शेवटचा लॉकडाउन नुकताच उठला होता. घरी दहा पाहुणे बोलवायची परवानगी मिळाली होती, आणि शेजारच्या व्हिएतनामी आजींनी त्या दहातल्या दोन जागा मला आणि माझ्या नवऱ्याला दिल्या होत्या. येत्या रविवारी त्यांच्या यजमानांचं श्राद्ध होतं. त्यांच्या भाषेत त्याला वेगळा शब्द आहे, पण मी पहिल्यापासून श्राद्धच म्हणते. माणूस गेल्याच्या तिथीला त्याच्या आवडीचं रांधायचं, आधी त्याला वाढायचं आणि मग राहिलेल्यांनी जेवायचं, यात आमच्या-त्यांच्यात फरक तो काय! आदल्या वर्षी हे जेवण आजी आणि त्यांची मुलगी अशा दोघींनीच केलं होतं. सगळ्या बंद रस्त्यावर उदबत्तीचा वास येत होता आणि आम्ही कुंपणाच्या अलीकडे उभे होतो.

आमंत्रणाचा मेसेज मुलीचा होता. खाली तिने लिहिलं होतं, कुणाला जराही बरं नसेल तर प्लीज येऊ नका, आईच्या छातीचं तुम्हाला माहीत आहे. आजींना तरुणपणी क्षय होऊन गेला होता आणि एक फुफ्फुस जवळपास निकामी झालं होतं. लशीचे दोन्ही डोस झाले तरी मुलीच्या जिवाला घोर होताच. दोन वर्षं ती दुकानातून आणलेली भाजीची पिशवीसुद्धा पुसून घरात घेत होती. मी तिच्या मेसेजवर अंगठा पाठवून दिला.

मंगळवारी रात्रीच्या जेवणाला मी नवऱ्याला घशाचं सांगितलं. तो डँडेनॉन्गच्या एका फॅक्टरीत मेंटेनन्स इंजिनिअर आहे. कुठल्याही बिघाडाचं कारण आपल्याला लगेच सापडतं, असा त्याचा समज आहे.

"अगं, हे-फिव्हर आहे. ऑक्टोबर आला, फुलं फुलली की तुझं हे ठरलेलं. टॅब्लेट घे."

"टेस्ट करून येऊ का?"

"कर ना. पण रिझल्ट येईपर्यंत आयसोलेट व्हावं लागेल. सध्या तीन-तीन दिवस लागतायत. मग संडे गेला समज." मग कोशिंबीर वाढून घेत तो म्हणाला, "आमच्या शिफ्टचा पण एक जण कालपासून आला नाहीये. सगळ्यांनाच पोलनचा त्रास होतोय यंदा."

मला हेच ऐकायचं होतं. त्याच्यावर ढकलत नाही. त्याने नसतं म्हटलं तर मीच म्हटलं असतं.

रविवार चुकवायचा नव्हता, त्याला एक जुनं कारण होतं. मी पुण्यात ज्या घरात वाढले तिथे भांड्याला ओठ लावून पाणी प्यायलं तरी आई डोळे वटारायची. वरणाच्या पातेल्यात कुणाचा उष्टा चमचा गेला तर ते पातेलं बाजूला निघायचं. अशी मी, या आजींकडे पहिल्यांदा जेवायला गेले. मधोमध अख्खा वाफवलेला मासा होता. आजींनी स्वतःच्या चॉपस्टिक्सनी, ज्या नुकत्याच त्यांच्या तोंडातून बाहेर आल्या होत्या त्यांनीच, एक तुकडा उचलला आणि माझ्या वाटीकडे आणला. मी वाटी बाजूला घेतली. ठरवून नव्हे, हातच तसा गेला. तुकडा टेबलक्लॉथवर पडला. आजींनी तो कागदात उचलून घेतला, बाकीचे बोलत राहिले. त्यानंतर वर्षभर कुंपणावरून डबे यायचे, पण जेवायला या असं कुणी म्हटलं नाही.

मग एकदा मुलीनेच उलगडून सांगितलं. मोठ्या माणसाने आपल्या हाताने असं वाढणं म्हणजे त्यांच्यात लाड. आणि ज्याला घरचं व्हायचंय त्यानेही तेच करायचं, ताटलीतला सगळ्यात चांगला तुकडा हेरून आपल्या चॉपस्टिक्सनी मोठ्यांच्या वाटीत ठेवायचा. मी शिकले. जड गेलं, पण शिकले. माशाच्या गालाचा मऊ तुकडा सगळ्यात चांगला, हेही कळलं. आजी मला 'कॉन' म्हणू लागल्या, म्हणजे लेकरू. याचा मला भारी अभिमान होता. मराठी मंडळींच्या गेट-टुगेदरला मी तो किस्सा रंगवून सांगायची आणि बघा मी किती सुधारले म्हणून मिरवायची. आता ऐनवेळी नाही म्हटलं तर आजींना वाटेल, साथीचं निमित्त करून ही परत आपल्या सोवळ्यात गेली. माझी खरी धास्ती ही होती. आजींच्या फुफ्फुसाची त्याच्यानंतर.

बुधवारी दुपारी मी त्यांच्याकडे रोल वळायला गेले. रविवारी तळायचे रोल आधीच वळून फ्रीझरमध्ये ठेवायचे होते. तांदळाचा पापड ओला करायचा, त्यात खिमा, काळी अळंबी आणि शेवया भरायच्या आणि करंजीला सारण भरावं तसं हात आखडता घेऊन वळायचं. मी मास्क लावून गेले होते. आजींनी दारातच हाताने खूण केली, काढ. घरात कसला मास्क! मी काढला. मुलगी कामावर होती. आम्ही दोघी टेबलाशी दोन तास बसलो. त्यांना इंग्रजी यायचं नाही, मला त्यांची भाषा यायची नाही, तरी आमच्या गप्पा कधी अडल्या नाहीत. मग त्यांनी माशाच्या सॉसची चटणी केली, लिंबू, साखर, लसूण, मिरची घालून. चमचा माझ्यापुढे धरला. मी चाखून मान हलवली, साखर कमी आहे. त्यांनी साखर घातली आणि त्याच चमच्याने स्वतः चाखून पाहिली.

गुरुवारी घसा दुखायचा थांबला. बघ, म्हणाला नवरा. शुक्रवारी थोडी कणकण वाटली, पण शुक्रवारी कुणाला वाटत नाही?

रविवारी आम्ही गेलो तेव्हा रश्श्याचा वास थेट फुटपाथपर्यंत आला होता. आजी हाडं आदल्या दिवशीच उकळायला घालायच्या. त्याआधी आलं आणि कांदा गॅसच्या ज्योतीवर सालासकट काळे होईस्तोवर भाजायच्या, मग चक्रफूल, दालचिनी. तो वास आला की मला आमच्या गोड्या मसाल्याची आठवण यायची. त्या दिवशी मात्र तो मला पुरता येत नव्हता. दारात आल्यावर तर गेलाच. नाक चोंदलंय, मी स्वतःला सांगितलं.

भिंतीशी आजोबांचा फोटो होता आणि समोर त्यांच्यासाठी वाढलेलं जेवण: नारळपाण्यात शिजवलेलं डुकराचं मांस आणि अंडी, भरल्या कारल्याचं सूप, तळलेले रोल, भाताची वाटी, त्यावर चॉपस्टिक्स. कारली मीच फॉस्टर स्ट्रीटवरच्या भारतीय दुकानातून आणून दिली होती. उदबत्ती जळून संपेपर्यंत पाहुण्यांनी थांबायचं असतं, तोवर आजोबा जेवत असतात. बाहेर उत्तरेचा, इकडे वाळवंटावरून येणारा गरम वारा सुटला होता. उदबत्ती विझू नये म्हणून आजींनी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. आम्ही दहा पाहुणे आणि त्या दोघी, त्या बंद खोलीत, राख खाली पडायची वाट बघत बसलो. मला खोकला आला. दाबला, तसा जास्तच आला.

"धूर," मी उदबत्तीकडे बोट दाखवून मुलीला म्हटलं. तिने मला पाणी आणून दिलं.

आजींनी इतक्या उकाड्यातही लोकरीचं स्वेटर घातलं होतं आणि त्या नेहमीसारख्या आत-बाहेर करत नव्हत्या. म्हाताऱ्या माणसाला थंडी वाजते, असं मला वाटलं. बसल्या बसल्या त्यांनी माझ्या वाटीत कारल्याचा तुकडा ठेवला. आता पाळी माझी होती. मासा समोर होता. वाढायचा मोठा चमचाही तिथेच, बशीला टेकवून ठेवलेला होता. तो उचलला असता तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं, आजी सोडून. मी त्या चमच्याकडे पाहिलं. माझ्या चॉपस्टिक्सकडे पाहिलं. मग माशाच्या गालाचा तुकडा चॉपस्टिक्सनी काढून त्यांच्या वाटीत ठेवला. त्यांनी तो खाल्ला आणि माझ्या मनगटावर थोपटलं. त्यांचा हात कढत होता.

सोमवारी सकाळी नवऱ्याच्या फॅक्टरीतून मेसेज आला. शिफ्टला न आलेला तो माणूस पॉझिटिव्ह होता. आम्ही गाड्यांच्या रांगेत तास न् तास थांबून टेस्ट केली. बुधवारी रिझल्ट आला, दोघंही पॉझिटिव्ह. मी मुलीला फोन केला. ती घाबरली, पण ओरडली वगैरे नाही. तिने एवढंच विचारलं, तुम्हाला कधीपासून वाटतंय?

"सोमवारपासून," मी म्हटलं. "सोमवारी सकाळपासून."

शुक्रवारी सकाळी त्यांच्या दाराशी अँब्युलन्स आली. आम्हाला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला बंदी होती. मी पडद्याआड उभी राहिले. आजींना बसत्या स्ट्रेचरवरून नेलं, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. त्यांनी आमच्या खिडकीकडे मान वळवली. मी हात वर करू शकले असते. मी मागे सरकले.

मला आणि नवऱ्याला आठवड्याभरात बरं वाटलं. मुलीला तर ताप येऊन दोनच दिवसांत गेला. बाकीच्या पाहुण्यांपैकी तिघांना कोविड झाला, तेही निभावले. आजी अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये होत्या. बाराव्या दिवशी गेल्या.

अंत्यसंस्काराला आम्ही मागच्या रांगेत बसलो. त्यानंतर मी घरामागे कपडे वाळत घालायलासुद्धा मुलीची गाडी गेल्याचा आवाज ऐकून मग जायची. नवरा म्हणायचा, आपण मुद्दाम केलं का? उगाच जीव खाऊ नकोस. मी त्यालाही सांगितलं नव्हतं की मी फोनवर सोमवार म्हटलं. त्याने विचारलंही नाही.

डिसेंबरात एका दुपारी बेल वाजली. दारात मुलगी होती, खूप वाळली होती. आत ये म्हटलं तर आली नाही. म्हणाली, एक गोष्ट सांगायची आहे, कधीची सांगायची राहिली आहे. आईला शनिवारपासूनच कसकस होती. रविवारी सकाळी ते मुलीच्या लक्षात आलं. जेवण रद्द करू म्हणाली तर आई ऐकेना. बाबांचं जेवण आहे, म्हणाली, आणि शेजारच्या लेकराला वाटेल आपणच तिला टाळतोय.

"हॉस्पिटलमधून फोनवर ती रोज तुझंच विचारायची," ती इंग्रजीत म्हणाली. "ती बरी आहे का? आपल्यामुळे तिला झालं का? मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्ही आजारी पडलात ते आमच्यामुळे. आय ॲम सो सॉरी."

मंगळवार, बुधवार, शनिवार. माझा हिशोब तिथल्या तिथे, दारात उभ्या उभ्या झाला. तिचा होण्यासारखा नव्हता, कारण तिच्याजवळ माझा सोमवार होता. ती माझ्याकडे बघत थांबली होती. तिचे डोळे भरले होते आणि ती मी काहीतरी म्हणण्याची वाट बघत होती.

"नो वरीज," मी म्हटलं.

ती एकदम रडायला लागली, पुढे झाली आणि तिने मला मिठी मारली. थँक यू, थँक यू, असं म्हणत राहिली. मी तिची पाठ थोपटत राहिले.