खरखर कशाची होती

शाहूपुरीतल्या स्पीकरच्या दुकानातला तो माणूस आवाज तळहातानं ऐकायचा. गाण्यांसाठी आणि सिनेमासाठी मी छोटा सबवूफर, म्हणजे खर्जातल्या आवाजाचा स्पीकर घेतला, तेव्हा तो बसवायला घरी आला. त्यानं सबवूफर चक्क माझ्या खुर्चीत ठेवला, तबल्याची ध्वनिफीत लावली आणि डोळे मिटून भिंतीकडेनं रांगत फिरला. ठेका भरून ऐकू आला तिथं थांबला.

"हितंच बसवायचा, काका. लहान डब्यालाबी खोली साथ देती. जागा तेवढी गावायला पायजे."

त्या दुपारी त्या घुमणाऱ्या आवाजानं सगळं घर पाण्याखाली गेल्यासारखं संथ, मऊ झालं होतं.

आठवड्यात गाणं लावलं की खरखर सुरू झाली. त्याला न विचारताच मी बागेतल्या कट्ट्यावर सांगत सुटलो, की त्यानं फुटका माल गळ्यात मारला. त्याच्याकडं जाणारे दोघंतिघं दुसरीकडं गेले.

मग ते कानावर गेल्यावर तो आपणहून घरी आला. गाणं लावून माझ्या शोकेसच्या काचेवर त्यानं हात टेकला आणि खरखर थांबली.

"डबा चांगला हाय की. काच थरथरतीया."

काचेच्या फटीत त्यानं कागदाची घडी सारली. दारात चपला घालताना म्हणाला, "कट्ट्यावर एवढं सांगा, काका."

पुढं भेटेल तिथं विचारायचा, "सांगितलासा न्हवं?"

मी होकारार्थी मान हलवायचो.

"बरं झालं. आता येतील माणसं," म्हणत तो हसायचा.

मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं.