मोहित्यांचा आठ फुटी रॅम्प

"साहेब, एक भाई नोटीस घेऊन आलेत, पण वर येत नाहीत," प्यून म्हणाला.

"येत नाहीत म्हणजे? उर्मट आहेत?"

"पाय नाहीत."

मी खाली उतरलो. हाताने चालवायच्या तीनचाकीवर मोहिते बसले होते. घड्याळं दुरुस्त करायचे. हातात नोटीस होती: सात दिवसांत घरासमोरचा रॅम्प तोडा. खाली सही माझी.

तेव्हा मी बडोद्यातल्या एका कचेरीच्या कायदा खात्यात होतो. कुठल्या ते विचारू नका, पेन्शन चालू आहे. नव्वदीची वर्षं. घरोघरी स्कूटर आली होती आणि ती ओट्यावर चढवायला लोकांनी रस्त्यातच सिमेंटचे रॅम्प ओतले होते. पावसाचं पाणी तुंबायचं. म्हणून मी उपविधी लिहिला, म्हणजे शहरापुरता छोटा कायदा: रॅम्प बंद.

असा मसुदा पेपरात छापून महिनाभर हरकती मागवाव्या लागतात. एरवी तो हरवलेल्या मार्कशीटच्या जाहिरातींखाली छापतात, त्यामुळे हरकत एकही येत नाही. या वेळी एका पेपराने पहिल्या पानावर घेतलं, 'तुमचा रॅम्प तुटणार.' हरकतींची पोती आली.

पोती वाचायची आमची पद्धत सोपी. सारख्या दिसणाऱ्या हरकतींचा गठ्ठा बांधायचा, वरची वाचायची, बाकीच्या मोजायच्या, आणि शेरा मारायचा, 'समान आशय.'

आमचे बॉस शाहसाहेब. त्यांनी विचारलं, "कुलकर्णीभाई, पब्लिकने शुं जोईए छे?"

"स्कूटर चढवायला दोन फूट, साहेब."

"तो आपी दो ने."

दिले. रस्त्यात दोन फुटांपर्यंत लांब रॅम्प माफ, जास्त असेल तर तोडा. मांजलपूरला आमच्या सोसायटीत मला हार घातला. लोकशाहीत कायदा कसा घडतो यावर मी अर्धा तास बोललो. लोकांनी ऐकून घेतलं, कारण सेवउसळ माझ्या भाषणानंतर होती.

तीच नोटीस पुढे करून मोहिते म्हणाले, "दोन फुटांच्या उभ्या उतारावरून माझी गाडी उलटते. मला आठ फूट लागतात. रॅम्प तुटला की घराबाहेर पडणं बंद, म्हणजे दुकान बंद. मी हरकत दिली होती, साहेब. मापं टाकून, चित्र काढून."

गठ्ठा सोडला. सोसायट्यांच्या छापील अर्जांमध्ये मोहित्यांचं चित्र निघालं. कोपऱ्यात माझ्याच अक्षरात: समान आशय. रॅम्प हा शब्द दिसला आणि मी बांधून टाकलं होतं.

शाहसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "एक माणसाचं पब्लिक ओपिनियन नाही होत, भाई. सह्या आणा."

नोटिशीच्या फाइलवर 'विचाराधीन' लिहून ती मी कपाटात टाकली. फाइल अडवून पुण्य लागलं ते आयुष्यात एवढंच. मग सह्यांसाठी मोहित्यांच्याच गल्लीतल्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेलो.

"आमचा रॅम्प तर राहिला ना?" ते म्हणाले.

"राहिला. पण मोहित्यांना आठ फूट लागतात."

"बिचारे." आणि लगेच, "आठ फूट सगळ्यांनाच मिळणार का?"

"कायदा सगळ्यांना सारखाच."

"मग फॉर्म द्या. मला मारुती घ्यायचीच आहे."

आठवड्यात पुन्हा पोती भरली. मी या वेळी एकूण एक अर्ज वाचला. तीनचाकीचा उल्लेख फक्त मोहित्यांच्या अर्जात होता. शाहसाहेबांनी वरचा वाचला आणि विचारलं, "केटला फूट?"

"आठ."

"आपी दो."

मोहित्यांचा रॅम्प वाचला. ते पेढे घेऊन आले, मीही निर्लज्जपणे दोन खाल्ले.

वर्षभराने त्यांच्या गल्लीत गेलो. दोन्ही बाजूंना आठ-आठ फुटांचे रॅम्प, त्यांवर मारुत्या, मधे स्कूटरपुरती वाट. मोहिते आपल्या रॅम्पच्या पायथ्याशी तीनचाकीत बसले होते.

"उतरता येतं आता," ते म्हणाले. "पुढे जायचं तर शेजाऱ्यांना हाक मारून गाडी काढायला सांगावी लागते. ते उठेपर्यंत दुकानाला उशीर."

"हरकत द्या ना," मी म्हणालो.

"किती जणांची?"

एवढं मात्र शिकलो: एकट्या माणसाला कायदा हवा असेल, तर त्याने मारुतीवाले गोळा करावेत. फक्त ते त्याच्याच गल्लीतले नसावेत.