हात न मिळवलेला हिवाळा

गोसेन आमच्या गावचा हिवाळा होता. धंदा त्याचा वेगळाच. विणून आलेलं लोकरीचं कापड घट्ट व्हावं म्हणून हौदात घालून तुडवायचं, माती आणि शिळ्या मुतात गुडघ्यापर्यंत उभं राहून, सकाळपासून अंधार पडेपर्यंत. असल्या माणसाशेजारी देवळातसुद्धा कुणी बसत नाही. पण ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा मोठा उपास लागायच्या आदल्या दिवशी चौकात फळ्यांचा मंच उभा राहायचा, गोसेन मेंढीचं कातडं पांघरून, दाढीला पीठ फासून वर चढायचा, आणि मग गावचे पंचसुद्धा मान वर करून त्याच्याकडे बघायचे.

खेळ तसा साधा. उन्हाळा आणि हिवाळा भांडतात, आपल्यावाचून माणसाचं अडतं म्हणून. उन्हाळा पिकांची नि कुरणांची बढाई मारतो. हिवाळा म्हणतो, "अरे जा! माझ्यामुळे नवराबायको एका पांघरुणात निजतात, तुझ्यात एकमेकांना लाथा मारतात!" शेवटी प्रेमाची देवी येते, म्हणजे आमचा शिंपी, दाढी घोटून, आणि निवाडा करते की तुम्ही भाऊ भाऊ, एक गेला तर दुसराही जगायचा नाही. मग दोघं हात मिळवतात. हे हात मिळवणं म्हणजे पोरखेळ नव्हे बरं का. त्यानं माणसाच्या अंगातला हिवाळा उतरतो. नाही मिळवला, तर तो ईस्टरपर्यंत अंगातच राहतो, आणि तशा माणसानं बाळंतिणीच्या घराचा उंबरा ओलांडायचा नसतो. आमच्या आज्यापणज्यांपासून हे असंच आहे. पाद्री नाक मुरडतो, मुरडू दे.

गोसेनची बायको लवकर गेली. मागे एकच लेक, हिल्ला. ती लोकर विंचरता विंचरता बापाकडून बोलणी पाठ करून घ्यायची, स्वतः हातात पळी धरून उन्हाळा व्हायची आणि बापाला अशा शिव्या घालायची की शेजारीण भिंतीवर धपके मारी. पुढे नदीवरच्या एका नावाड्याशी तिचं लग्न झालं. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी तिला दिवस गेलेले.

आणि तो हिवाळा! नाताळाच्या आधीच नदी गोठली. पाणचक्क्या थांबल्या, चुलीत घालायला गोवऱ्या राहिल्या नाहीत. म्हातारी माणसं पटापट गेली, आणि जमीन इतकी कडक की खड्डे खणता येईनात. प्रेतांच्या पेट्या देवळाच्या मनोऱ्याखाली रचून ठेवल्या होत्या.

"बाबा, यंदा नका उभे राहू," हिल्ला म्हणाली. "लोकांची डोकी फिरलीत. राग कुणावर काढतील?"

"वर्षातून एक दिवस मी माणूस असतो गं," गोसेन म्हणाला. "तोही सोडू?"

लोकांनी राग काढलाच. गोसेन मंचावर चढला तसे सलगमाचे गोठलेले तुकडे आले. एक तर कानशिलावरच लागला. तरी तो बोलत राहिला, चांगलं बोलला. पण उन्हाळा झालेला आर्नूट खाटीक म्हणजे तोंडाचा पट्टा. टाळ्या कुठे पडतात ते त्याला बरोबर कळायचं. खेळातली बोलणी सोडून तो ओरडला, "मुतात उभा राहणारा कसला राजा रे? नाकं धरा, लोकहो, महाराज आले!" सगळ्या चौकानं नाकं धरली. पंचांनीही. लहान मुलं हसून हसून गडाबडा लोळली.

देवीनं दोघांचे हात एकात एक द्यायला घेतले, तेव्हा गोसेननं आपला हात झटकला आणि तो मंचावरून खाली उतरून चालू लागला. "अरे गोसेन! हात! हात राहिला ना!" शिंपी ओरडत राहिला. माणसाचा पाणउतारा झाला की त्याला पुढचं मागचं दिसत नाही. गोसेनलाही दिसलं नाही.

उपासाचा दुसरा आठवडा चालू असताना हिल्लाच्या पोटात दुखायला लागलं. बर्फ फुटल्यामुळे नवरा पडाव घेऊन नदीनं खाली गेलेला. गोसेनला हौदात निरोप मिळाला. तो ओल्या पायांनीच धावला. दारात त्याची विहीण ओडा हात आडवा घालून उभी.

"तिथंच थांबा व्याही. हात मिळवलात का आर्नूटशी?"

"नाही."

"मग आत पाऊल टाकायचं नाही. मूल आडवं आलंय. त्यात तुमचं गारठलेलं अंग नको मला घरात."

गोसेनलाही तसंच वाटत होतं. तो तडक आर्नूटकडे गेला. उपासात खाटकाला काम नाही. आर्नूट दारात बसून सुरीची मूठ गुंडाळत होता.

"आर्नूटदादा, हात दे. माझी पोर अडलीय."

"अरे वा! आज दादा का?" आर्नूट म्हणाला. "सगळ्या गावासमोर माझा हात झटकलास, तेव्हा कुठं गेला होता दादा? रविवारी चौकात ये, सगळ्यांसमोर माफी माग, मग बघू."

"रविवारपर्यंत ती थांबेल का रे?"

"बायका रोज बाळंत होतात गोसेन. जा, पाय धू."

गोसेन परत आला. आतून हिल्लाचा आवाज येत होता, मग येईनासा झाला, मग पुन्हा आला, बारीक. "बाबा आले ना? मग आत का येत नाहीत?" तो खिडकीच्या फळीला तोंड लावून म्हणाला, "इथंच आहे गं राणी. इथंच आहे."

"बाबा, आत या ना. मला भीती वाटतेय."

इतक्यात दार उघडलं. ओडाची बाही कोपरापर्यंत रक्तानं भिजली होती, आणि तोरा पार उतरला होता. "या व्याही," ती म्हणाली. "मरू दे ती रीत. पोर तुमच्या नावानं टाहो फोडतेय. या."

दार सताड उघडं होतं. पलंगाची एक बाजू दिसत होती, आणि पांघरुणाबाहेर आलेला हिल्लाचा पाय. गोसेननं उंबऱ्यापर्यंत पाऊल नेलं आणि मागे घेतलं.

"नको," तो म्हणाला. "माझ्या अंगात आहे तो. मला कळतंय विहीणबाई, हाडात बसलाय. मी आत आलो तर तिला गार करीन."

"अहो बापमाणूस ना तुम्ही? या म्हणते ना!"

"आर्नूटला घेऊन येतो. हिल्ले, आलोच बघ! हा आलो!"

या वेळी त्यानं दादा-बाबा केलं नाही. आर्नूटच्या अंगणातल्या चिखलात गुडघे टेकले आणि त्याच्या बुटांवर डोकं ठेवलं. बघायला गल्ली जमली. आर्नूटचा चेहरा पडला. खाटीक झाला तरी माणूसच की. "ऊठ रे, ऊठ," तो म्हणाला. "असं नव्हतं मला पाहिजे." त्यानं गोसेनला उठवलं, हात हातात घेतला, आणि दोघं भाऊ भाऊ धापा टाकत गल्लीतून पळत निघाले. आम्ही सगळे मागे. कुणीही हसलं नाही.

दार तसंच उघडं होतं. आर्नूटनं त्याला हाताला धरून आत नेलं, रीतसर, उजवं पाऊल आधी. आतल्या बायका बाजूला झाल्या. त्यांनी मेणबत्ती लावलेली होती आणि हिल्लाचे डोळे मिटलेले होते. मूलही गेलं होतं. ते कापडात गुंडाळून तिच्या कुशीत ठेवलं होतं.

ओडा भांबावल्यासारखी झाली. काहीतरी बोलावं म्हणून बोलली. "मनाला लावून घेऊ नका हो. तुमच्यामुळे नाही झालं. तुम्ही तर उंबरासुद्धा ओलांडला नाहीत."

गोसेननं लेकीच्या कपाळाला हात लावला, गालाला लावला, मग उघड्या पडलेल्या पायाला लावला आणि पांघरूण ओढून तो पाय झाकला.

"नाही ओलांडला," तो म्हणाला. "मी बाहेरच उभा होतो, तरी ही गार झाली. मग विहीणबाई, ती बोलवत होती, तेव्हा मी आत का नाही आलो?"

आर्नूटनं अजून त्याचा हात धरलेला होता. तो त्यानं हळूच सोडला.