सडक्या संत्र्यांचा ड्रम

मामाजींच्या अंगाला कायम सडक्या संत्र्यांचा वास यायचा. सासऱ्यांविषयी असं बोलू नये. पण लग्न होऊन सौंसरला आले, त्यांच्या पाया पडायला वाकले आणि तिथंच नाकाला पदर लावला.

आमचा संत्र्यांचा बगीचा. गळून सडलेली फळं लोक फेकून देतात, मामाजी ती पोत्यात भरून घरी आणत. अंगणातल्या प्लास्टिकच्या ड्रमात ती कुस्करायची आणि आपल्या जुन्या जीपच्या इंजिनाचे गंजलेले भाग त्यात बुडवायचे. वर बुरशी, भोवती चिलटं, कडेला वळवळणाऱ्या अळ्या! "आंबटानं गंज सुटते, सूनबाई," म्हणत ते कोपरापर्यंत हात घालत आणि काळा गाळ निथळणारा भाग माझ्या नाकापुढे धरत. "पाह्य, कसा चमकून राहिला!" त्याच हातांनी पोळी मोडत. माझे भांडी घासायचे ब्रश तर ड्रमापाशीच सापडायचे.

त्या जीपनं एकदा जामसावळीला हनुमानाच्या दर्शनाला जायचं, एवढाच त्यांचा हट्ट होता.

मग छातीत दुखू लागलं म्हणून यांनी त्यांना नागपूरला न्यायचं ठरवलं. गाडीत बसता बसता मामाजींनी मला हाक मारली. "टॅपेट कव्हर ड्रमात आहे. ते इंजिनावरचं झाकण. पत्रा पातळ आहे, आज नाही काढलं तं आंबट त्याले खाऊन टाकंल. दुसरं भेटत नाही आता."

"मामाजी, मले ओकारी येते."

"येऊ दे. पण काढजो."

गाडी गेल्यावर मी नाक बांधून हात घातला. आत सगळं कोमट, गिळगिळीत. मनगटावर काहीतरी चढलं. कव्हर हाती लागलं आणि मी मोरीत जाऊन ओकले. मग ते सोड्याच्या पाण्यानं धुतलं, घासलं, वाळवलं, ऑइल लावलं.

परत आल्यावर मामाजींनी कव्हर उन्हाकडे धरून भोकं शोधली. एकही नव्हतं. "ऑइल कमी लावलं," एवढंच बोलले. असा संताप आला!

जीप सुरू व्हायच्या आधीच ते गेले. यंदा संत्री गळाली तेव्हा हे तो ड्रम फेकायला निघाले. मी म्हटलं, "राहू द्या न. इंजिनाचे भाग बाकी आहेत अजून." मामाजी नाहीत हे त्या ड्रमापाशीच फार खुपतं. किळस मात्र तसूभर कमी झालेली नाही. मी नाक बांधते, त्यांना तोंडभर शिव्या देते आणि हात घालते.