सईला आलेली चिठ्ठी

माझ्या नवऱ्याला माहीत नाही. माझ्या मुलीला माहीत नाही. वैशालीला तर — मी तिला सगळं सांगते असं तिला वाटतं, आणि नऊ वर्षं मी तिला तसं वाटू दिलंय. हे कुणापुढे कधी बोलले नाही. घरात एकटी असतानासुद्धा मोठ्याने नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून बहुधा सांगता येईल. तरी लगेच नाही जमणार. आधी जरा आजूबाजूचं सांगते. हाही टाळण्याचाच एक प्रकार, कळतंय मला.

आम्ही रीडिंगला राहतो. वैशाली दोन रस्ते सोडून पलीकडे. ती हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, मी आयटीत. माझी मुक्ता आणि तिची सई एकाच वर्गात. सई पाच वर्षांची असताना तिचे बाबा नागपूरला गेले ते परत आलेच नाहीत. आधी दर रविवारी व्हिडिओ कॉल यायचा, मग फक्त वाढदिवसाला, मग तोही थांबला. सई त्याबद्दल बोलायची नाही. मी शनिवारी सकाळी कम्युनिटी हॉलमध्ये मुलांना मराठी शिकवायचे. 'माझे कुटुंब' यावर पाच ओळी लिहा म्हटलं, की सई चार लिहायची आणि पाचव्या ओळीपाशी पेन्सिल धरून बसायची. हे मी पाहिलं होतं. मला कल्पना नव्हती, असं मला म्हणताच येणार नाही.

मुली दहा वर्षांच्या होत्या त्या ऑगस्टमधली ही गोष्ट. मार्गारेट नावाच्या एक निवृत्त इतिहासाच्या शिक्षिका दर उन्हाळ्यात वेल्सच्या सीमेजवळच्या एका शेतावर मुलांसाठी आठवडाभराचा कॅम्प घ्यायच्या. दोन छावण्या — ओढ्याच्या अलीकडे ग्रीक, पलीकडे रोमन. प्रत्येक मूल कुठल्या तरी देवाचं. ग्रीकांचा हर्मिस तोच रोमनांचा मर्क्युरी. देव एक, नावं दोन, आणि खरा कोणाचा यावरून आठवडाभर तुंबळ युद्ध. धावणं, दोरीवरून ओढा ओलांडणं, लाकडी ढाली घेऊन टेकडी लढवणं. अंगावर जुन्या चादरी, डोक्यावर आयव्हीच्या वेलीचे मुकुट.

वैशालीला रजा मिळेना. मी मदतनीस म्हणून जाणार होते. "मेधा, तू आहेस म्हणून पाठवतेय हं," असं म्हणून तिने सईची बॅग माझ्या गाडीत ठेवली.

पहिल्याच संध्याकाळी मार्गारेटनी मुलांना खेळाचा नियम सांगितला. तुमच्या आईवडिलांपैकी एक माणूस आहे, घरी आहे. दुसरा देव आहे. त्याचं तुमच्यावर प्रेम आहे, पण त्याला भेटायला येता येत नाही; तो फक्त पत्र पाठवतो. मुलं हसत होती. सई माझ्या शेजारी बसली होती. ती हळूच म्हणाली, "मावशी, हा गेम तर माझंच आहे." आणि हसली. मीही हसले. तेव्हाच मार्गारेटना बाजूला घेऊन काही बोलायला हवं होतं का? होतं. पण तो माझा गुन्हा नव्हे. तेवढाच असता तर मी आज हे लिहीत बसले नसते.

देवांची पत्रं मी लिहायचे. माझं अक्षर चांगलं, म्हणून दोन्ही छावण्यांचं टपाल माझ्याकडे. रोज सकाळी मुलं तंबूबाहेर ठेवलेल्या आपापल्या वेलिंग्टन बुटांत हात घालायची आणि आत चिठ्ठी सापडायची — शाबास, काल तू छान लढलास, आज वाऱ्याकडे लक्ष ठेव. सगळं इंग्रजीत, खाली देवाचं नाव. सई ग्रीक होती, हर्मिसची मुलगी. मुक्ता रोमन, डायनाची.

सई वाऱ्यासारखी पळायची. पाच दिवसांत चार सामने ग्रीकांनी मारले ते जवळजवळ तिच्या एकटीच्या जोरावर. तिला कसला गर्व नव्हता हो. धापा टाकत यायची आणि मुक्ताच्याच गळ्यात पडायची. मुक्ता धडपडी, जरा जाड, सगळ्यांच्या मागे. शाळेतही तेच. घरीही — वैशाली फोनवर सईचं काही सांगायला लागली की मी "अरे वा" म्हणायचे आणि दातांखाली काहीतरी चावल्यासारखं व्हायचं मला. दहा वर्षांच्या मुलीचा हेवा! लिहून बघितलं आत्ता. असंच दिसतं ते.

शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी मुक्ता माझ्यापाशी येऊन रडली. शेवटचा सामना म्हणजे टेकडीवरच्या निशाणापर्यंतची रिले शर्यत; रोमनांकडून शेवटच्या टप्प्यात तिला पळायचं होतं, समोर सई. ती म्हणाली, "आई, सई असली की मी नसतेच."

मुलं जेवायला बसली होती. मी स्वयंपाकाच्या तंबूत एका पेटीवर दुसऱ्या दिवशीची पत्रं लिहीत होते. आणि मी एक वेगळा कागद घेतला.

मी मराठीत लिहिलं. फळ्यावरचं माझं अक्षर सई ओळखते, म्हणून डाव्या हाताने लिहिलं. तिला जोडाक्षरं वाचता येत नाहीत हे मला माहीत होतं — मीच तर तिची बाई — म्हणून एकही जोडाक्षर येऊ दिलं नाही. एक शब्द खोडून दुसरा शोधला त्यासाठी. लिहिलं ते असं:

'सई, मी येतोय. उदया दुपारी तीन वाजता मोठया फाटकापाशी थांब. कोणाला सांगू नकोस. बाबा.'

'उद्या' आणि 'मोठ्या' तोडून लिहिले, तिला वाचता यावेत असे. पुष्कळ वर्षं मी स्वतःला समजावलं की 'बाबा' म्हणजे हर्मिस, खेळातला बाबा, तिला ते कळेल. पण मग हर्मिस असं का नाही लिहिलं? इंग्रजीत का नाही लिहिलं? नाही. मला नेमकं ठाऊक होतं ती ते कोणाचं समजेल. देवासाठी ती शर्यत सोडून गेली नसती.

सकाळी तिने बुटात हात घातला तेव्हा मी लांबून पाहत होते. तिने कागद उलगडला, ओठ हलवत वाचला, पुन्हा वाचला. मग घडी करून मोज्यात ठेवला. त्या सकाळी ती पॉरिज खाऊ शकली नाही.

तीनच्या सुमारास ती दिसेनाशी झाली. साडेतीनला शर्यत सुरू झाली; ग्रीकांनी थोडा वेळ हाका मारल्या, मग तिच्या जागी भलत्याच मुलाला उभं केलं. मुक्ता जिंकली. मी टाळ्या वाजवल्या. टेकडीवर निशाण हातात घेऊन उभी असलेली माझी मुलगी — मला आनंद झाला, हेही सांगायलाच हवं. पण मुक्ता खाली आली आणि म्हणाली, "हे काउंट नाही होत. सई कुठेय?"

शोधाशोध सुरू झाली तेव्हा साडेचार वाजून गेले होते. पावसाची भुरभुर, बोचरा वारा. मला ठाऊक होतं ती कुठे आहे. एकट्या मला. आणि मी ओढ्याकडे गेले. सरळ फाटकाकडे गेले असते तर कुणी विचारलं असतं, तुला कसं कळलं? म्हणून मी तिच्या नावाने हाका मारत ओढ्याच्या काठाने फिरले — जिथे ती नव्हती तिथे. वीसेक मिनिटं. गारठ्यात उभ्या असलेल्या मुलीपेक्षा मला माझी अब्रू मोठी वाटली. चिठ्ठी लिहिण्यापेक्षाही ती वीस मिनिटं मला जास्त झोंबतात — की हेही आता सांगताना बरं दिसावं म्हणून म्हणतेय?

मार्गारेटना ती सापडली. फाटकाबाहेरच्या रस्त्याकडे तोंड करून उभी. तिने चादर काढून ठेवून घरून आणलेला निळा फ्रॉक घातला होता, केस ओले करून चापून बसवले होते. ओठ काळेनिळे पडले होते. हलायलाच तयार नव्हती म्हणे. सगळ्यांनी विचारलं, तेव्हा "सॉरी, मी विसरले" एवढंच म्हणाली. कोणाला सांगू नकोस, असं लिहिलं होतं ना. तिने नाही सांगितलं. रात्रीच्या जेवणाला ग्रीक मुलं तिच्याजवळ बसली नाहीत. तिच्यामुळे हरले होते ते.

घरी परतल्यावर वैशाली तिला रागावली — सगळ्यांचा जीव टांगणीला लावलास, मावशीला किती त्रास दिलास. मी सोफ्यावर बसून म्हणाले, "जाऊ दे गं, लहान आहे." वैशालीने माझा हात धरला, आणि तू होतीस म्हणून बरं झालं असं म्हणाली.

मला वाटलं, संपलं. मुलं विसरतात. पण त्या सप्टेंबरपासून सई मराठीच्या वर्गात सगळ्यात पुढे बसायला लागली. जोडाक्षरं झटक्यात शिकली. एकदा वर्ग सुटल्यावर ती वही घेऊन माझ्याकडे आली. तिने लिहिलं होतं, 'मी थांबला होता.' "बरोबर आहे का?" मी लाल पेन घेतलं आणि दुरुस्त करून दिलं — 'मी थांबले होते.' थ नीट काढून दाखवला. ते बाबांना लिहिलेलं पत्र होतं; तिने ते नागपूरच्या पत्त्यावर पाठवलं. उत्तर आलं नाही. असं दोनदा की तीनदा. मी प्रत्येक वेळी शुद्धलेखन तपासलं.

तेव्हा का नाही बोललात, असं तुम्हाला वाटेल. कधी बोलायचं होतं? प्रत्येक महिन्यागणिक ते आणखी अवघड होत गेलं, आणि मी त्या महिन्यांच्या मागे लपत गेले.

ती अठरा वर्षांची झाल्यावर एका दुपारी माझ्या स्वयंपाकघरात आली. युनिव्हर्सिटीला जायच्या आधी नागपूरला जाणार होती, एकटी. चहाचा मग दोन्ही हातांत धरून तिने विचारलं, "मावशी, एक खरं सांग. कॅम्पमधली ती चिठ्ठी तू लिहिला होतास का?"

दार उघडं होतं. तिनेच उघडून धरलं होतं. ती रागावलेलीसुद्धा नव्हती. मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "कुठली चिठ्ठी गं? नाही."

तिचा चेहरा उजळला. खरंच, उजळला. "मग बाबाच," ती म्हणाली. "त्याला रस्ता नसेल मिळाला. मी वरच्या गेटला उभी, तो कदाचित खालच्या गेटला." मग तिने त्या शेताचा नकाशा फोनवर काढून मला दाखवला, कुठला रस्ता कुठे वळतो ते. मी मान डोलावत होते.

ती नागपूरला गेली. तिच्या वडिलांनी तिला एका हॉटेलात चहाला बोलावलं. घरी नाही, घरी दुसरी बायको, दोन मुलं. तिने चिठ्ठी टेबलावर ठेवली. ते म्हणाले, हे माझं अक्षर नाही, आणि इंग्लंड सोडल्यापासून मी तिकडे पाऊल ठेवलेलं नाही. पत्रं मिळाली होती म्हणे. काय लिहावं सुचलं नाही. पाऊण तासात ते उठले.

हे सगळं मला वैशालीकडून कळलं. चिठ्ठीबद्दल तिलाही तेव्हाच पहिल्यांदा समजलं. फोनवर ती रडत होती, "आठ वर्षं माझी पोर ते उराशी धरून होती, मेधा. कोण इतकं नीच असेल गं?" मी म्हणाले, कॅम्पमधल्या कुणा मुलाने चेष्टा केली असेल. तिने ते मानलं. मराठी लिहिता येणारं मूल त्या कॅम्पात दुसरं कोण होतं — एक मुक्ता — हे माझ्या मागाहून ध्यानात आलं. वैशालीच्याही आलं असणार. तेव्हापासून ती मुक्ताशी जरा तुटक वागते. मुक्ता विचारते, वैशालीमावशीला माझं काय खुपलं? मी म्हणते, दमलेली असते गं ती.

म्हणजे आता माझ्या मुलीवरही मी ते टाकलंय. तिच्या जिंकण्यासाठी केलं होतं म्हणे मी.

सई आता मराठी फारशी बोलत नाही. विचारलं तर इंग्रजीत उत्तर देते, नीट, हसून. तिला एडिनबरोला वर्षभरासाठी काम मिळालंय. गेल्या रविवारी निघण्याआधी ती आणि वैशाली आमच्याकडे आल्या होत्या. मी तिच्यासाठी चकल्या केल्या होत्या. निघताना वैशाली म्हणाली, "सई, मावशीच्या पाया पड." तिला आता त्याची सवय राहिलेली नाही. बॅग खांद्यावरून घसरत होती, एका हाताने ती सावरत ती वाकली, आणि तिची थंडगार बोटं माझ्या पावलांना लागली.

मी पाय मागे घेतले नाहीत.